वाचकाचा अभिप्राय, डफड्यासह

रुखमाला तिचा नवरा येऊन घेऊन गेला, आणि त्याला बोलावून आणलं ते टेकचंदनंच. पण असं काही घडलेलंच नाही, असं आपण धरून चालू. टेकचंद स्वतःही तसंच धरून चालतो. तेव्हा तूर्त रुखमा गावातच आहे, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभी आहे, तिच्या हातात उशीएवढी जाड कादंबरी आहे आणि टेकचंद तिला विचारतो आहे,

"मंग? कसं वाटलं पुस्तक?"

"पुन्याच्या एका प्रोफेसरले एकटं वाटते," रुखमा म्हणाली. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाटते. घरात बायको आहे, सासू आहे, पोरं आहेत, भांडे घासाले बाई आहे. एवढ्या गर्दीत एकटं व्हाले त्याले जागा कुठं भेटली, ते काई सांगतलं नाई. बाकी कागद चांगला आहे."

"एवढंच?"

"पुस्तकातबी एवढंच आहे."

टेकचंदनं मान हलवली, कादंबरी कपाटात ठेवली, गळ्यात डफडं अडकवलं आणि तो गावात निघाला. पहिल्या चौकात थांबून त्यानं डफड्यावर काडी मारली.

"ऐका हो ऐका! तमाम गावकऱ्यांस कळवण्यात येते की, पाणीपट्टी बाजाराच्या दिवसाआधी भरावी! मोकाट शेळ्या कोंडवाड्यात घातल्या जातील! तसेच, पुण्यातील एका प्रोफेसरास एकटं वाटत आहे, हो!"

हे असं कसं सुरू झालं, ते सांगायला हवं. भंडारा जिल्ह्यात, आसगावच्या पुढं, तलावाच्या पाळीला लागून हे गाव. एकोणऐंशी साली गावानं खत मागितलं आणि कुठल्याशा योजनेतून पुस्तकांची पेटी आली. अलीकडच्या लेखकांची अलीकडची पुस्तकं. पेटीबरोबर आलेले साहेब चहा पिता पिता म्हणाले, पुस्तकं नुसती कपाटात ठेवू नका, वाचकांचे अभिप्राय जनतेपर्यंत पोचले पाहिजेत. सरपंच केशवरावांनी ते मनावर घेतलं. जनतेपर्यंत काहीही पोचवायचं म्हणजे दवंडी, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. दुसरा पोचवणारा पोस्टमन होता, पण तो ज्याचं त्यालाच द्यायचा.

टेकचंद पंचायतीचा चपराशी. म्हाताऱ्या कोतवालाचे गुडघे गेले तेव्हा डफडं त्याच्या गळ्यात आलं, आणि पेटी आली तेव्हा कपाटाची किल्लीही. वय पंचविशीचं, लग्न ठरत नव्हतं, आवाज मात्र तलावाच्या पलीकडच्या बांध्यांत धानाची रोवणी करणाऱ्या बायकांना ऐकू जायचा.

वाचक एकच. सोमाजीची पोरगी रुखमा. पवनीला राहून मॅट्रिक झालेली, आणि लग्न होऊन पार नाकाडोंगरीला गेलेली. नवरा ताराचंद तिकडे खाणीवर कामाला. संक्रांतीला ती माहेरी आली. न्यायला जेठ, म्हणजे थोरला दीर, आला तो नेमका शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या दिवशी. सोमाजी आपली बैलजोडी घेऊन पटावर गेलेला. घरात जेठाला पाणी मिळालं, गूळ मिळाला, पण "बसा" म्हणायला घरचा पुरुष नव्हता. जेठ दारातूनच फिरला आणि निरोप ठेवून गेला, की आता तुम्हीच आणून सोडा. सोमाजीनं उलट निरोप धाडला, की पोरगी म्हणजे काही धानाचं पोतं नव्हे, ज्याला पाहिजे त्यानं न्यायला यावं. दोन्हीकडची माणसं भली होती, त्यामुळं भांडण झालं नाही, आणि भांडण झालं नाही त्यामुळं मिटलंही नाही. दुसरा शंकरपट होऊन गेला. सोमाजीची जोडी त्यातही हरली. रुखमाला काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं. तिचा अभिप्राय फक्त पुस्तकांवर घेतला जायचा.

ती टेकचंदला "टेकचंदभाऊ" म्हणायची. पण आपल्याकडे बसच्या कंडक्टरलाही भाऊच म्हणतात, उधारी मागायला आलेल्या किराणेवाल्यालाही म्हणतात. टेकचंदची सगळी भिस्त या एका गोष्टीवर होती.

आता गावाचं. दवंडीत आजवर खोटं काही आलं नव्हतं. पाणी येणार म्हटलं की उशिरा का होईना पाणी यायचं, देवी टोचणारे डॉक्टर येणार म्हटलं की पोरं रडायची. दवंडीत जे येतं ते झालेलं असतं किंवा होणार असतं. न झालेलं सांगायला माणूस डफडं कशाला बडवील? त्यामुळं प्रोफेसराची बातमी ऐकून चंद्रभागाबाई, गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, काठी टेकत पंचायतीवर आली.

"काहून रे टेकचंद, त्या मास्तरचं काय झालं?"

"कोन मास्तर?"

"पुन्याचा. एकटं वाटते म्हनत होता ना तू. त्याले इकडं बोलाव बापा रोवणीले. चिखलात उभा केला, बाजूले धा बाया गात असल्या, की एकट्याचं नाव नाई घेन तो."

"आजी, तो पुस्तकातला आहे."

"मंग पुस्तकातल्याले जेवाले नाई लागत काय?"

टेकचंदनं आजीला केशवरावांपुढं नेलं. केशवरावांनी आजीची सूचना योग्य ठिकाणी कळवतो म्हणून सांगितलं. योग्य ठिकाण कोणतं, ते कुणालाच माहीत नव्हतं, पण आजीचं समाधान झालं.

पुढच्या पुस्तकात एक म्हातारा बाजाराला म्हणून जातो आणि परत येत नाही. रुखमाचा अभिप्राय होता, "म्हातारा गेला हे घरच्यांच्या ध्यानात याले अर्धं पुस्तक लागते. आपल्याकडं चिलीम भरून मांगनारा नाई दिसला तं दुपारीच समजते." टेकचंदनं दवंडीत सुरुवात केली, की एक वृद्ध इसम बाजाराला गेला असता बेपत्ता आहे, आणि पुढचं सांगायच्या आत अर्धं गाव काठ्या घेऊन तलावाकडे धावलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी पाळ पालथी घातली. म्हातारा सापडला नाही. पण बेशरमाच्या झुडपात घनश्यामचं हरवलेलं म्हशीचं पारडू सापडलं. तेव्हापासून गावात आजच्या मराठी साहित्याबद्दल फार आदर निर्माण झाला. घनश्याम भेटेल त्याला सांगे, "पुस्तकात राम आहे, गड्या."

एका कथासंग्रहाबद्दल रुखमा म्हणाली, "गोष्टी चांगल्या आहेत. पन प्रत्येक गोष्टीत शेवटी कोनी ना कोनी खिडकीतून बाहेर पायते. आपल्या घरायच्या खिडक्या लहान आहेत, म्हनून इकडं गोष्टी होत नसतीन." कवितेच्या पुस्तकाबद्दल म्हणाली, "समजलं काईच नाई. पन वाचता वाचता भात करपला."

"हे चांगलं म्हनू का वाईट?" टेकचंदनं विचारलं.

"भात करपला म्हन. बायायले समजते."

आणि खरंच, त्या कवितांना गावातल्या बायकांकडून जेवढा मान मिळाला, तेवढा कवीला त्याच्या घरात मिळाला नसेल.

टेकचंद तिच्या अभिप्रायांची वाट बघायला लागला होता. ती यायची, ओट्याच्या खांबाला टेकायची, दोन-चार वाक्यं बोलायची आणि दुसरं पुस्तक पदराखाली धरून जायची. तिची वाक्यं तो दिवसभर गावभर ओरडत फिरायचा. जे मनात म्हणायचं ते आपण चव्हाट्यावर म्हणतो आणि कुणाला कळत नाही, यात त्याला एक चोरटं सुख होतं. फक्त ती वाक्यं त्याची नव्हती, आणि त्याच्याबद्दलही नव्हती. एवढी एक बारीक अडचण होती.

मग त्यानं ठरवलं, की आपणही एक पुस्तक वाचायचं, म्हणजे ती बोलेल तेव्हा नुसती मान हलवायची पाळी येणार नाही. कपाटात एक निळ्या कव्हराची कादंबरी होती. ती त्यानं रुखमाला द्यायच्या आधी घरी नेली आणि ओठ हलवत, बोटानं ओळ धरत, शेवटपर्यंत वाचली. कादंबरी कोल्हापूरकडच्या एका दूध डेअरीची होती. डेअरीचा चेअरमन निवडणुकीला उभा राहतो, पडतो, आणि शेवटी गोठ्यात जाऊन म्हशीसमोर बसतो. म्हैस त्याच्याकडे बघते. एवढ्यासाठी आपण अख्खा महिना घातला, याचं टेकचंदला वाईट वाटलं, पण म्हैस आवडली. त्यानं पुस्तक पुसून रुखमाला दिलं आणि ती कधी परत येते, म्हशीबद्दल काय म्हणते, याची वाट बघत राहिला.

ती आली तेव्हा बांध्यांत धान लोंबीवर आलं होतं. पुस्तक तिनं आणलं नव्हतं.

"झालं वाचून?" टेकचंदनं विचारलं. म्हशीबद्दलचं एक वाक्य त्यानं घरून तयार करून आणलं होतं.

रुखमा खांबाला टेकली नाही. सरळ उभी राहिली.

"एक बाई आहे," ती म्हणाली. "मायेरी बसली आहे. नवरा वाईट नाई. बाप वाईट नाई. तिले न्याले कोनी येऊन नाई राहिलं, कारन पयले कोन हलते, हे दोघंबी पाहून राहिले. बाई पुस्तकं वाचते. कंटाळली असती तं बरं झालं असतं. पन थे अजून वाटेकडं पायते."

टेकचंद तिच्याकडे बघत राहिला. चेअरमन नव्हता, डेअरी नव्हती, म्हैस नव्हती.

"हे निळ्या कव्हराचं?"

"हाव."

"त्या बाईले..." त्यानं कपाटाची किल्ली बोटाभोवती फिरवली. "त्या बाईले जाचं आहे काय पन? का नुसती पायते?"

रुखमा थोडी हसली. "नवरा बोलत नाई तिचा. पन तिनं दिलेला पानाचा इडा खिशात ठेवून कामावर जाये आनि तसाच वाळवून परत आने. खाल्ला काहून नाई इचारलं तं म्हने, खाल्ला असता तं संपला असता."  "हेबी पुस्तकातच आहे," तिनं घाईनं जोडलं.

"मंग शेवट काय होते?"

"शेवटची पानं राहिली माही. तू दवंडी दे ना, टेकचंदभाऊ."

ती गेल्यावर टेकचंद डफडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिला. दवंडीतलं खरं मानून कामाला लागायची गावाची खोड त्याला ठाऊक होती, आणि तिलाही ठाऊक होती, म्हणूनच ती आली होती. पाणीपट्टी सांगायची, शेळ्या सांगायच्या आणि पुढं गप्प बसायचं, एवढंच त्याला करायचं होतं. या आठवड्यात पुस्तक आलं नाही म्हटलं असतं, तर कुणी जाब विचारणार नव्हतं. ती खांबाला टेकायला येत राहिली असती. कपाटात अजून पुष्कळ पुस्तकं होती. आणि ती वाटेकडं बघत राहिली असती.

पहिल्या चौकात त्यानं फक्त पाणीपट्टी सांगितली. दुसऱ्या चौकात पाणीपट्टी आणि शेळ्या. तिसरा चौक सोमाजीच्या घरासमोर होता. तिथं त्यानं डफडं इतकं बडवलं, की सोमाजीचे बैल उठून उभे राहिले. मग त्यानं सगळं सांगितलं. बाई, बाप, नवरा, वाट. विड्याचं तेवढं नाही सांगितलं. ते त्यानं स्वतःकडे ठेवून घेतलं.

संध्याकाळी पंचायतीवर माणसं जमली. केशवराव खुर्चीत बसून म्हणाले, "बाई कोनत्या गावची, ते काई सांगतलं नाई तू."

"पुस्तकातली आहे, साहेब."

"ते समजलं बे. पन कोनत्या गावची?"

"गाव कायले इचारता?" चंद्रभागाबाई खालून ओरडली. "थो पाय बसला आहे बाप, मान खाली घालून!"

सोमाजीनं मान वर केली. "माह्यावर कोनं पुस्तक लिवलं?" तो म्हणाला. आवाजात राग कमी आणि कौतुक जास्त होतं. "पयले मी नाई हलनार. पुस्तकात येवो का पेपरात येवो."

"तू नको हलू," केशवराव म्हणाले. त्यांनी विचार केला. ते विचार करायला लागले, म्हणजे गावाला कामच लागायचं. "थेबी नाई हलनार. पन दवंडी कोनाच्या बाजूची नसते. दवंडी सरकारी असते. टेकचंद, तू नाकाडोंगरीले जाय. तिथंबी जनता आहे. तिच्यापर्यंतबी अभिप्राय पोचला पायजे."

अशा रीतीनं एका कादंबरीवरचा अभिप्राय घेऊन टेकचंद एस.टी.नं भंडाऱ्याला गेला, वरठीहून रेल्वेनं तुमसर रोडला उतरला आणि मिळेल त्या गाडीनं नाकाडोंगरीला पोचला. वाटेत गळ्यातलं डफडं बघून लोक विचारत, "कोनाची वरात आहे, भाऊ?" टेकचंद सांगे, "पुस्तकाची."

ताराचंदच्या घरासमोर त्यानं काडी मारली, तशी आयाबाया डबे घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं रॉकेल आलं. टेकचंदनं त्यांच्या रिकाम्या डब्यांपुढं उभं राहून अभिप्राय सांगितला. बाई माहेरी आहे. नवरा वाईट नाही. बाप वाईट नाही. ती अजून वाटेकडं बघते, हो!

ताराचंद नुकताच खाणीवरून आला होता. कपड्यांवर काळी धूळ, हातात पाण्याचा लोटा. पाणी सांडत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं.

"माह्याबद्दल काय आहे त्यात?" तो म्हणाला.

"वाईट नाई, एवढंच आहे."

"बस?"

"वाईट नाई, हे तिनं दुसऱ्या कोनत्याच पुस्तकातल्या मानसाबद्दल नाई म्हटलं."

ताराचंदनं लोटा खाली ठेवला. "हे पुस्तक कुठं भेटते?"

"आमच्या गावच्या कपाटात. समक्ष यावं लागते."

दारातून जेठ बोलला, "पुस्तक पायाले जाऊन राहिला तं जाय. न्याले नाई जायचं आपल्याले."

"नाई नाई," ताराचंद म्हणाला. "पुस्तकच पायतो."

मुक्काम तिथंच पडला. टेकचंद या माणसात खोट शोधायचं मनाशी ठरवून आला होता. ताराचंदनं त्याला आपली खाट दिली आणि स्वतः खाली घोंगडीवर निजला. निदान घोरेल, अशी टेकचंदला आशा होती. तो घोरलाही नाही. फक्त एकदा त्यानं विचारलं,

"भाऊ, थे बोलता बोलता मधीच हासते, तशीच हासते काय अजून?"

"हाव," टेकचंद म्हणाला आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी ताराचंद धुतलेला सदरा घालून टेकचंदबरोबर निघाला, गावात उतरला, आणि ठरल्याप्रमाणे आधी पंचायतीवरच आला. टेकचंदनं कपाट उघडलं. ताराचंदनं मागं हात बांधून सगळी पुस्तकं बघितली.

"थे पुस्तक बाहेर गेलं आहे," टेकचंद म्हणाला. "वाचकाकडं आहे."

नेमका त्याच वेळी सोमाजी सहज म्हणून तिथून चालला होता. सकाळपासून तो सहज म्हणून तिथून पुष्कळदा गेला होता. तो थांबला आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "पुस्तक आमच्या घरी असन. चाला. बसा जरासे."

"बसा" हा शब्द उच्चारला गेला. कुणीही पहिल्यांदा हललं नव्हतं आणि सगळे एका घरात बसून चहा पीत होते.

बैलगाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. सोमाजीची हरलेली जोडीच जुंपलेली होती. पंचायतीसमोर आल्यावर रुखमानं ती थांबवायला लावली. निळं पुस्तक तिच्या मांडीवर होतं.

"टेकचंदभाऊ, पुस्तक माह्याजवळच राहिलं. शेवटची पानं व्हाची आहेत अजून."

शेवटच्या पानावर काय आहे ते टेकचंदला तोंडपाठ होतं. चेअरमन म्हशीसमोर बसतो, म्हैस त्याच्याकडे बघते. हे पुस्तक त्यानं आधीच वाचलंय, हे रुखमाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि सांगायची ती वेळही नव्हती.

"राहू दे," तो म्हणाला. "आनि अभिप्राय?"

"येऊन सांगीन ना," जाणारी माणसं म्हणतात तसं ती म्हणाली, आणि मधेच हसली. ताराचंद तिच्याकडे बघत होता. सोमाजीनं बैलांना हाक दिली. गाडी तलावाच्या पाळीवर चढली, थोडा वेळ दिसली, मग पलीकडे उतरली.

पण हे काही घडलेलं नाही, असं आपलं ठरलं आहे.

पुढं त्या कपाटाला वाळवी लागली. तिनं सगळी पुस्तकं वाचली आणि एकावरही मत दिलं नाही. केशवराव जाऊन दुसरे सरपंच आले, गावात टी.व्ही. आला, पंचायतीनं कर्णा घेतला, पण टेकचंदचा आवाज कर्ण्याहून लांब जातो म्हणून डफडं राहिलं. दर दवंडीच्या शेवटी तो एक कलम जोडतो. लहान पोरांना ते पाठ आहे. गावाला वाटतं, कायदाच आहे. नव्या ग्रामसेवकानं एकदा विचारलं, हे कोणत्या नियमाखाली? टेकचंद म्हणाला, "जुना आहे, साहेब." साहेबांनी राहू दिलं.

तर परवाची दवंडी अशी होती.

"ऐका हो ऐका! तमाम गावकऱ्यांस कळवण्यात येते की, पाणीपट्टी बाजाराच्या दिवसाआधी भरावी! शेळ्या बांधून ठेवाव्या! पोरांना डोस पाजण्यास शाळेत आणावे! तसेच, निळ्या कव्हराचे पुस्तक ज्या वाचकाकडे असेल, त्यांनी ते परत न केल्यास चालेल! परंतु सदर पुस्तकातील बाई सुखात आहे किंवा कसे, आणि शेवट काय झाला, याबाबतचा आपला अभिप्राय कार्यालयीन वेळेत, समक्ष हजर राहून, ओट्याच्या खांबाला टेकून, तोंडी कळवण्याची तजवीज करावी, हो!"